दाखल्याच्या अर्जावर सही करू नका!

कन्हानचा एक बाप मुलाचा हात धरून आमच्याकडे आला. कोळसा खाणीत ठेकेदाराकडे रोजीने राबणारा माणूस. मुलगा सहावीत, पंचवीस टक्क्यांच्या जागेवर इंग्रजी शाळेत शिकणारा. वर्गातल्या एकाने 'फुकट्या' म्हणून डिवचले, याने त्याला ढकलले. त्या मुलाला समज मिळाली. याला शाळा सोडल्याचा दाखला!

आम्ही कागद पाहिले तेव्हा खरी मेख कळली. कागदोपत्री शाळेने मुलाला काढलेच नव्हते. 'स्वखुशीने दाखला घेत आहे' या अर्जाखाली बापाची सही होती. "वकीलसाहेब, सही नाही केली तर दाखल्यावर लाल शेरा मारू म्हनले. मंग दुसऱ्या शाळेतबी कोनी घेनार नाही."

बांधवांनो, ही सही का हवी असते? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत मागे ठेवण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नाही. म्हणून शाळा स्वतः काढत नाही. बापाच्या हातून काढवते.

आज तो मुलगा घरी आहे. त्याला एकटे कसे ठेवायचे म्हणून आईची रोजी बुडते. वस्तीत विचारले तर 'ताप आहे' सांगतात. चूक आपल्याच पोराची, असे आईबापांनाही वाटू लागले आहे.

या जागा कुणाच्या मेहेरबानीच्या नाहीत. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासनाने बहुतेक खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. लढून राखलेली जागा एका सहीने का सोडायची?

कन्हान नदीपलीकडे कामठी. नागपूर-कामठी ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी मुले पाठवणे बंद केले आणि बाईंची नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. तेव्हा उघड जातीचे नाव घेत. आज शिस्तीचे घेतात. पण तेव्हा कायदा नव्हता, आज आहे.

म्हणून सांगतो. सही करू नका. कारण लेखी मागा. सही झाली असेल तरी दबावाखाली घेतली असे लेखी कळवा, पोच घ्या. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करा, प्रत पारशिवनीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. नववीपुढे कलम १६ नाही. तरी मुलाची बाजू न ऐकता शिक्षा देणे हा न्याय नव्हे.

त्या बापाचा अर्ज आम्ही दाखल केला आहे. पुढच्या बापाने मात्र सहीच्या आधी यावे. रविवारी विहारात जमाल तेव्हा कलम १६ मोठ्याने वाचा. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर बसावे लागले; सुभेदार रामजींनी मुलाची शाळा सोडवली नाही.