तुणतुण्यावाल्याचं तोंड

मंडईची पत्रकं जमवण्याचा माझा नाद जुना आहे. भाऊबीज उरकली की भंडारा-गोंदियापासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि पानठेल्यांवर, एसटीच्या थांब्यांवर पातळ रंगीत कागद चिकटू लागतात. आमच्या घरात त्यांचा एक गठ्ठा आहे. घरच्यांच्या मते ती रद्दी. मला मात्र त्यात झाडीपट्टीच्या वाद्यवाल्यांची हजेरीबुकं दिसतात.

यातल्या कित्येक कागदांवर ठळक अक्षरांत ‘दुय्यम खडी गंमत’ असं छापलेलं असतं. डाव्या अंगाला एक शाहीर आणि त्याचा संच, उजव्या अंगाला दुसरा, मधे ‘विरुद्ध’. खाली ढोलकीवाला, झीलकरी, नाच्या यांची नावं आणि गावं. कुणाच्या नावामागे ‘हास्यसम्राट’, कुणाच्या मागे ‘विनोदाचा बादशहा’. मला कुतूहल होतं ते या सम्राटांचं. वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात हसवण्याचं काम नेमकं कुणाच्या वाट्याला येतं?

खडी गंमत म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. गण, गवळण, लावणी, वग ही वाट तमाशाचीच. फरक इतकाच की इथे मंच नाही, पडदा नाही, चारी बाजूंनी माणसं, आणि शाहिरापासून टाळकऱ्यापर्यंत सगळा संच रात्रभर उभा. आता प्रत्येकाचे हात बघा. ढोलकीवाल्याचे दोन्ही हात आणि निम्मं डोकं तालात अडकलेलं. शाहिराला कवन आठवायचं आहे, समोरच्या फडाचा सवाल ध्यानात ठेवायचा आहे. नाच्याला पाय आणि पदर, दोन्ही सांभाळायचे आहेत. मोकळा कोण? तुणतुणं धरलेला झीलकरी. एक तार, एक सूर, बोटाला सवय झालेली. त्याचं तोंड आणि डोळे रिकामे. शाहिरानं ओळ टाकली की झील ओढायची, आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत शेरा मारायचा. शाहीर पुराणातला दाखला देतो आणि हा मागून धानाचा भाव विचारतो. शाहीर राजाचं वर्णन करतो, हा सरपंचाकडे बघतो. मंडईला आलेली निम्मी माणसं या शेऱ्यांसाठी पहाटेपर्यंत बसतात, असं माझं मत आहे, आणि शाहीर मंडळींना ते आवडत नाही हेही मला ठाऊक आहे.

दुय्यम गंमतीत तर या शेऱ्यांना धार येते. समोरासमोरच्या दोन फडांपैकी तुरा शिवाच्या बाजूचा, कलगी शक्तीच्या. आधी कोण, थोर कोण, हा वाद शेकडो वर्षं निकालात निघालेला नाही आणि निघू नये अशीच दोन्ही फडांची इच्छा असते. एक शाहीर कूट घालतो, दुसऱ्यानं ते कवनातच सोडवायचं. उत्तर सुचत नसलं की वेळ मारून न्यायला पुढे सरकतो तो हाच तुणतुण्यावाला. तो प्रतिस्पर्ध्याच्या फेट्यावर बोलतो, त्याच्या ढोलकीच्या पुडीवर बोलतो, त्याच्या सासुरवाडीवर बोलतो. तेवढ्यात शाहिराला ओळ सापडते. सवाल-जवाबाच्या या भेदिक शाहिरीवर लिहिताना आपल्या अभ्यासकांनी अध्यात्म भरपूर उकललं. ही वेळ मारून नेण्याची कला मात्र त्यांच्या लेखी थिल्लर ठरली.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याकडे मी वळलो तो सवाल-जवाबाच्या याच धाग्यानं. चामोर्शीच्या दक्षिणेला, अहेरीच्या वरच्या अंगाला असलेला हा जंगलातला तालुका. माडिया आणि गोंड इथले मूळचे. खाली तेलंगणाच्या बाजूनं आलेली तेलुगू बोलणारी घरं. आणि १९६०च्या दशकापासून वसवलेली, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावं. नकाशावर मधेच सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावं भेटतात ती यामुळे. शरदात इथे दुर्गापूजा होते, हरिनाम संकीर्तनाला खोल नावाचा मृदंग आणि करताल घुमतात. झाडीपट्टीवर लिहिणारे या गावांच्या वेशीवरून माघारी फिरतात. बंगालीवर लिहिणारे इथवर येतच नाहीत.

ही माणसं ज्या फरिदपूर, बारिसाल, खुलना, जेसोरच्या मुलखातून आली, तो कविगानाचा मुलूख. कविगान म्हणजे दुसरं काय? समोरासमोर दोन कवी, दोघांना तिकडे ‘सरकार’ म्हणतात, मागे ओळ उचलणारे दोहार, साथीला ढोल आणि काँसीची थाळी. एकानं पुराणातली बाजू घ्यायची, दुसऱ्यानं ती तिथेच रचलेल्या पद्यात उलटवायची. नडाईल भागातले विजय सरकार (१९०३–१९८५) या परंपरेतलं विसाव्या शतकातलं फार मोठं नाव. त्याआधीच्या शतकात कोलकात्यात भोला मयरा नावाचा बागबाजारचा हलवाई आणि पोर्तुगीज वंशाचा अँटनी फिरंगी यांचे सामने गाजले. भोलानं अँटनीचा धर्म काढायचा, त्याच्या कपड्यांवरून बोलायचं, आणि अँटनीनं बंगालीतच त्याची परतफेड करायची. या अँटनीवर १९६७ साली उत्तमकुमारला घेऊन चित्रपट निघाला. आपल्या झीलकऱ्यांवर कुणी काढला नाही.

म्हणजे मुलचेऱ्यात एकाच जातीच्या दोन भांडखोर परंपरांची लेकरं शेजारी शेजारी धान पिकवतात. त्यांची गाठ एखाद्या मंडईत घालून द्यावी, तुरा, कलगी आणि सरकार एका फडात उभे करावेत, ही माझी फार दिवसांची हौस आहे. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थेला हे अवघड नाही.

आता हसवणाऱ्या वाद्यवाल्यांचं थोडं लांबचं उदाहरण. अमेरिकेतल्या केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ भागात ब्लूग्रास नावाचं संगीत आहे. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा बेस. ढोल नाही. बिल मन्रो हा त्याचा जनक. १९४५च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज त्याच्या बँडमध्ये आला, तीन बोटांनी बँजो झडू लागला आणि या संगीताला आजचं रूप आलं. हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला त्यात रस आहे तो स्क्रग्जच्या आधीच्या बँजोवाल्यात. डेव्हिड एकमन, रंगमंचावरचं नाव स्ट्रिंगबीन, म्हणजे चवळीची शेंग. उंच, किडकिडीत. सदरा गुडघ्यापर्यंत लांब, विजार तिथून खाली सुरू होणारी, त्यामुळे धड लांबलचक आणि पाय वीतभर दिसायचे. तो नुसता उभा राहिला तरी लोक हसत. मन्रो तेव्हा तंबू घेऊन गावोगाव फिरे, आणि बँडबरोबर बेसबॉलचा संघही नेई. दिवसा गावच्या संघाशी सामना, रात्री तंबूत गाणं. स्ट्रिंगबीन चांगला गोलंदाज होता आणि मन्रोनं त्याला घेतलं ते त्या जोरावर, असं सांगतात. १९७३च्या नोव्हेंबरात चोरट्यांनी त्याचा खून केला.

स्क्रग्ज आल्यानंतरच्या मन्रोच्या गाजलेल्या संचात बेस वाजवणारा हॉवर्ड वॉट्स ‘सेड्रिक रेनवॉटर’ या नावानं विदूषकी करी. पुढे फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी वेगळी चूल मांडली, तिथेही बेसवाला कझिन जेक टलक हा हसवणारा. पुन्हा बेसच! एकसुरी ठोका धरायचा, हात आपोआप चालतात, तोंड रिकामं. तुणतुण्याचं गणित तिथेही जसंच्या तसं लागू. आपल्याकडे दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, तिकडे दिवसा बेसबॉल आणि रात्री बँजो. गावाला आधी जिंकण्या-हरण्यानं तापवायचं, मग हसवायचं, हा धंदा सात समुद्रांपलीकडेही सारखाच.

पटाचा विषय निघाला म्हणून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०२१च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या काळात पट थांबले, नाटक मात्र मंडयांच्या आधारानं चालत राहिलं.

हे नाटक म्हणजे वडशाचं, सरकारी कागदावर देसाईगंजचं. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत तिथल्या कंपन्या रात्रीमागून रात्री गावं घेतात. त्यावर २०२२ साली ‘झॉलीवूड’ हा तृषांत इंगळेंचा चित्रपट आला. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा तर मुंबईच्या वाहिन्यांनाही झाडीपट्टी सापडली. शेती करणारा हा विनोदी नट. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका. ‘एकच प्याला’तला त्यांचा तळीराम इकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या गडकऱ्यांनी सावनेरला, म्हणजे विदर्भातच, जानेवारी १९१९मध्ये देह ठेवला आणि हे नाटक त्यानंतर रंगमंचावर आलं. त्यांचा तळीराम झाडीच्या धानबांध्यांत शंभर वर्षांनीही पीत राहील, असं त्यांना वाटलं नसेल. खुणेंना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. त्या दादांची सुरुवातही नायगावात एका बँडमध्ये वाजवण्यापासून झाली होती, हे म्हणणाऱ्यांच्या लक्षात नसतं.

खुणेंचा मान मोठाच. पण वडशाच्या नाटकानं एक गोष्ट हिरावली, असं मला वाटतं. तिथे वाजवणारे मंचाच्या खाली, नटांकडे तोंड आणि प्रेक्षकांकडे पाठ करून बसतात. ऑर्गन, तबला, आता ऑक्टोपॅड. वाजवतात झकास, वन्समोअरही घेतात. पण बोलत नाहीत. विनोद नटाकडे गेला, वाद्य मुकं झालं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडार या लोकनाट्यावर आणि झाडीबोलीवर आयुष्य घातलं म्हणून निदान दंडार कागदावर आली. झीलकऱ्याच्या शेऱ्यांना मात्र संहिता नाही. ते त्या रात्रीचे, त्या गावचे, समोर बसलेल्या त्या सरपंचावरचे. सकाळी विरून जातात. मोबाइलवर जे चित्रण होतं त्यात कॅमेरा शाहिरावर किंवा नाच्यावर; मागून कुणीतरी बोलल्याचा नुसता आवाज येतो आणि लोक हसतात.

म्हणून पुन्हा पत्रकांकडे. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारचं मानधन आहे, महिना पाच हजार रुपये. अर्जाला वयाच्या दाखल्याबरोबर कला सादर केल्याचे पुरावे लागतात. प्रमाणपत्रं, कात्रणं, छायाचित्रं. मंडईत चाळीस वर्षं तुणतुणं धरून गाव हसवलेल्या माणसाचं कात्रण कुठून येणार? वर्तमानपत्रात छापून येतं ते उद्घाटकाचं नाव. त्याचं स्वतःचं नाव एकाच जागी छापलेलं असतं, त्या पातळ कागदावर, शाहिराच्या खाली चौथ्या-पाचव्या ओळीत. आणि पुष्कळ जुन्या पत्रकांवर ‘भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी’ एवढंच आहे, साल नाही.

यंदा मंडईला जाल तेव्हा एक करा. पत्रक घरी आणा, मागे पेनानं साल आणि गाव लिहा, आणि त्या पाचव्या ओळीतल्या माणसाला एक प्रत नेऊन द्या. छापखानेवाल्यांनीही साल टाकायला सुरुवात करावी. त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.