हापशावरचा तीन-तोंडी व्हॉल्व्ह: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हातपंपाच्या तोंडाशी तीन-तोंडी व्हॉल्व्ह बसवला, की एकाच हापशाचे पाणी दोन वाटांनी नेता येते. मूठ एका बाजूला असली की पाणी नेहमीसारखे तोटीतून हंड्यात पडते. दुसऱ्या बाजूला फिरवली की ते पाइपातून शाळेच्या टाकीत, हात धुण्याच्या नळांकडे किंवा गुरांच्या हौदाकडे जाते. सुधारणा साधी आहे, खर्च थोडा आहे आणि योग्य जागी तिचा उपयोग मोठा आहे. ती फसते तेव्हा दोष बहुधा व्हॉल्व्हचा नसतो. हापसा आतून कसा चालतो याविषयीच्या काही पक्क्या समजुती आड येतात.

महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर दिसणारा हापसा बहुधा ‘इंडिया मार्क २’ किंवा त्याच्यावरून सुधारलेल्या ‘मार्क ३’ या नमुन्याचा असतो. १९६०च्या दशकातील दुष्काळांनंतर कठीण खडकात बोअर पाडणारी यंत्रे देशात आली. पण त्या बोअरांवर बसवलेले बिडाचे पंप एखाद्या घराच्या वापरापुरते होते. दिवसभर अख्खे गाव हापसू लागल्यावर ते टिकेनात. त्याच काळात जालना आणि सोलापूर येथे पोलादी, दणकट पंप घडवले गेले. पुढे सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रयत्नांतून १९७०च्या दशकात मार्क २ तयार झाला. पाण्याची वाट बदलणाऱ्या कोणत्याही जोडणीचा विचार याच पंपाच्या रचनेपासून सुरू करावा लागतो.

‘हापसा पाणी खालून ओढून घेतो’

ही समजूत उथळ पाण्याच्या जुन्या पंपांवरून आली आहे. त्यांचा दट्ट्या जमिनीच्या वर असतो आणि पाणी हवेच्या दाबाने वर चढते. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलतो, पुण्याच्या उंचीवर त्याहूनही कमी. आणि झडपांची गळती, पाइपातले घर्षण धरता प्रत्यक्षात सातेक मीटरच्या पुढे असा पंप भरवशाचा राहत नाही.

मार्क २चे सिलिंडर पाण्याच्या पातळीखाली बुडवलेले असते. त्यात ६३.५ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या असतो. तो १२ मिलिमीटर जाडीच्या सळयांनी थेट वरपर्यंत जोडलेला असतो, सळयांना साखळी आणि साखळीला दांडा. दांडा खाली दाबला की साखळी सळयांना वर खेचते, दट्ट्या आपल्यावरचे सगळे पाणी उचलतो आणि तळाची झडप उघडून नवे पाणी सिलिंडरमध्ये येते. दांडा वर गेला की सळयांच्या वजनाने दट्ट्या खाली उतरतो आणि त्याच्यातली झडप उघडून पाणी त्याच्या वरच्या बाजूला येते. म्हणजे पाणी ओढले जात नाही, उचलले जाते. आणि ते बाहेर पडते फक्त दांडा दाबताना. व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप किती रुंद हवा, तो हादरे का खातो, साखळी कुठे कमी पडते, हे सगळे यातून ठरते.

‘तोटी बंद केली की पाणी आपोआप टाकीवर चढेल’

सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. तोटीला कॉक लावायचा, बाजूने पाइप काढून छतावरच्या टाकीपर्यंत न्यायचा आणि हापसत राहायचे, असा बेत केला जातो. साध्या मार्क २मध्ये तो जमत नाही. तोटीच्या वर पंपाचे डोके असते. सळई ज्या भोकातून डोक्यात शिरते तिथे तिला सरळ ठेवण्यापुरती एक मार्गदर्शक बुश असते, पाणी अडवणारे काही नसते. तोटी बंद झाली की पाणी सळईच्या कडेने डोक्यात चढते, साखळी आणि बेअरिंग भिजवते, ग्रीस धुऊन काढते आणि डोक्याच्या फटींतून बाहेर पडते. टाकीत मात्र थेंबही पोचत नाही.

पाणी तोटीच्या वर चढवायचे तर सळईभोवती ग्लँड बसवावी लागते: धातूचा छोटा पेला, त्यात ग्राफाइट लावलेल्या दोरीचे किंवा रबराचे वेढे आणि ते दाबून धरणारे नट. या कामाला हातोटी लागते. नट सैल राहिले तर पाणी उडते. ते फार आवळले तर सळई अडकते आणि दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली उतरेनासा होतो. पाणी जेमतेम झिरपेल इतकेच आवळणे बरोबर, कारण तेवढ्या ओलाव्याने वेढे लवकर जळत नाहीत आणि सळई घासत नाही. उथळ बोअरमध्ये हा प्रश्न जास्त टोचतो. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन दर मीटरला ०.९ किलोच्या आत असते. ३० मीटर खोलीला ते २७ किलोच्या आसपास भरते, पण ९ मीटरला जेमतेम ८ किलो. एवढ्याशा वजनाला ग्लँडचे घर्षण सहज अडवते, आणि साखळी फक्त खेचू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून अशा ठिकाणी साखळीच्या जागी सळईला दोन्ही दिशांनी नेणारा घट्ट सांधा लागतो. उंचावर पाणी देणारा ‘फोर्स लिफ्ट’ हापसा तयारही मिळतो. नव्याने पंप बसवायचा असेल तर जुन्यावर जोडकाम करण्यापेक्षा तोच घेणे शहाणपणाचे.

ग्लँडबरोबर आणखी दोन गोष्टी लागतात. टाकीकडे जाणाऱ्या पाइपात एकमार्गी झडप हवी, नाहीतर वर चढलेले पाणी दर वेळी मागे येऊन बसते. आणि झडपेच्या पुढे हवेची बाटली, म्हणजे वरून बंद असलेला पाइपाचा उभा तुकडा हवा. दांडा दाबताना येणारे पाणी तिच्यातली हवा दाबते आणि दांडा वर जाताना तीच हवा पाणी पुढे ढकलते, त्यामुळे पाइपातला प्रवाह तुटत नाही. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते. काही आठवड्यांनी पाइप पुन्हा ठोके देऊ लागला, तर पंप बिघडलेला नसतो. बाटलीतले पाणी काढून तिच्यात पुन्हा हवा भरू देणे एवढेच काम असते.

‘तीन-तोंडी व्हॉल्व्ह महाग, त्यापेक्षा दोन कॉक लावू’

दोन कॉक लावले की दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याची शक्यता निर्माण होते, आणि शाळेच्या आवारात ती कधीतरी खरी ठरतेच. ग्लँड बसवलेल्या पंपात मग पाण्याला वाटच उरत नाही. मार्क २चा दांडा जोर आठपट करतो. माणसाने ४० किलोचा भार टाकला तर सळयांवर ३२० किलोची ओढ येते. सिलिंडर ३० मीटरवर असेल तर त्यातले सुमारे ९५ किलो पाण्याचा स्तंभ पेलण्यात जातात. उरलेल्या सव्वादोनशे किलोंचा दाब ३२ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सात किलोच्या घरात येतो. शेतात सर्रास वापरला जाणारा हलका पीव्हीसी पाइप ४ किलो दाबाच्या वर्गातला असतो. जिथे पाइप फुटत नाही तिथे दट्ट्याचे वॉशर किंवा साखळी तो भार सोसते.

तीन-तोंडी व्हॉल्व्ह घेतानाही तो कोणत्याही स्थितीत एक वाट उघडी ठेवतो ना, हे पाहूनच घ्यावा. मूठ मध्यावर आणून फुंकर मारली की लगेच कळते. मूठ अशा बाजूला असावी की हापसणाऱ्याला ती दिसेल. टाकीकडच्या पाइपावर वेगळा कॉक कधीही बसवू नये.

‘व्हॉल्व्हमुळे पंप हलका चालतो आणि पाणी वाढते’

व्हॉल्व्ह फक्त वाट बदलतो. दट्ट्याची धाव १२५ मिलिमीटर असते, त्यामुळे एका वेळच्या हापसण्यात ०.४ लिटरहून जास्त पाणी येऊच शकत नाही. ४० वेळा हापसले तर हिशेबाने १५.८ लिटर होतात, आणि चांगल्या स्थितीतल्या पंपाने ४० वेळांत किमान १५ लिटर द्यावे अशी अपेक्षा असते. दोन वाटा केल्या म्हणजे दोन घागरी एकदम भरतील असेही नाही. तेच पाणी वाटले जाते.

उंचीची किंमत तर हाताला मोजावी लागते. सळयांचे वजन दांड्याच्या जड लोखंडाने बरेचसे तोलले जाते. उरतो तो पाण्याचा भार. ३० मीटर खोलीला ९५ किलोंचे आठ भाग केले की घर्षण सोडून हाताला सुमारे १२ किलो जोर लागतो. टाकी तोटीपासून ६ मीटर उंच असेल तर दट्ट्यावर आणखी १९ किलो येतात आणि हाताला जवळपास अडीच किलो जादा लागतात, म्हणजे पाचवा हिस्सा. शिवाय मिनिटाला १५ लिटर पाणी ३० मीटर उचलणे हे सुमारे ७५ वॉटचे काम आहे. धडधाकट माणूस सलग करू शकेल असे हे वरच्या टोकाचे काम. ६ मीटर वाढले की तोच माणूस तेवढ्याच दमात मिनिटाला साडेबारा लिटर देतो. ५०० लिटरची टाकी भरायला ४० मिनिटे अखंड हापसावे लागते, आणि ते काम प्रत्यक्षात गावातल्या बायकांच्या व मुलांच्या वाट्याला येते. जुन्या सरकारी निकषाप्रमाणे एका हापशामागे २५० माणसे आणि माणशी ४० लिटर धरले, तरी तो हापसा दिवसाचे ११ तास चालावा लागतो. जिथे रांग लागते तिथे उंच टाकी भरण्याचा आग्रह धरणे योग्य नाही.

त्यापेक्षा पाणी खाली वळवणे पुष्कळ सोपे आहे, आणि त्याचाच विचार सर्वांत कमी होतो. तोटीच्या पातळीखाली जाणाऱ्या पाइपाला ग्लँड लागत नाही, हवेची बाटली लागत नाही, जादा जोरही लागत नाही. ओट्याच्या कडेला बांधलेला हात धुण्याचा लांबट हौद, गुरांचा हौद, नळ लावलेले बुटके पिंप, हे सगळे उतारावर चालते. एका हाताने हापसायचे, मग धावत तोटीशी येऊन ओंजळ धरायची, ही शाळेतल्या एकट्या मुलाची धडपड अशा पिंपाने संपते. पाइप मात्र ऐसपैस हवा. पाणी फक्त दांडा दाबताना येत असल्यामुळे त्या क्षणी प्रवाह सरासरीच्या दुपटीच्या आसपास असतो. अर्ध्या इंचाची नळी तो सोडू शकत नाही आणि पाणी पुन्हा डोक्यात चढते. सव्वा ते दीड इंच रुंदी हवी आणि वाटेत कुठेही चढ नको.

‘पहिले पाणी यायला वेळ लागतो, तो व्हॉल्व्हचा दोष’

दोष जवळजवळ नेहमी सिलिंडरमधल्या झडपांचा किंवा गळक्या पाइपाचा असतो. पाणी येईपर्यंत हापसावे, अर्धा तास पंपाला हात लावू नये आणि मग पुन्हा हापसावे. पाणी यायला पाचाहून अधिक वेळा हापसावे लागले तर खाली गळती आहे. ही तपासणी व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी करावी, कारण गळक्या पंपावर चढवलेली कोणतीही जोडणी बदनामच होते. झिजलेले वॉशर बदलायला मार्क २मध्ये सगळे पाइप वर काढावे लागतात. मार्क ३मध्ये ६५ मिलिमीटरचा रुंद पाइप असल्यामुळे दट्ट्या त्यातूनच वर येतो आणि गावातल्या गावात दुरुस्ती होते. जोडकाम करायचेच असेल तर त्यासाठी मार्क ३ अधिक सोयीचा.

‘वळवलेले पाणी अधिक शुद्ध असते’

व्हॉल्व्हमधून गेल्याने पाण्यात काहीही बदल होत नाही. आम्लधर्मी पाण्यात लोखंडी पाइप गंजतात आणि रात्रभर साचलेले पहिले पाणी तांबूस येते. ते हौदाकडे वळवून नंतरचे भरणे एवढा फायदा खरा आहे. फ्लोराइड किंवा नायट्रेट मात्र विरघळलेले असते, ते पहिल्या घागरीत असते तसेच शंभराव्या घागरीतही असते. चुकीची जोडणी उलट पाणी बिघडवू शकते. गुरांच्या हौदात बुडलेले पाइपाचे तोंड घाण पाणी मागे खेचण्याची शक्यता ठेवते. म्हणून पाइपाचे तोंड हौदाच्या काठापेक्षा वीतभर उंच ठेवून पाणी मोकळ्या हवेतून पडू द्यावे. ओट्यावर सांडणारे पाणीही बोअरच्या भोवती मुरता कामा नये. ते नालीने दूरच्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत गेले पाहिजे.

टाकी आणि नळ हवेतच, पण हापसणाऱ्यावर भार नको, अशा वस्त्यांसाठी महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची दुहेरी पंपाची योजना हा उत्तम मार्ग आहे. एकाच बोअरमध्ये हातपंप आणि विजेवर किंवा सौर ऊर्जेवर चालणारा छोटा पाणबुडी पंप असे दोन्ही बसवतात. त्यासाठी हापशाच्या बुडाशी खास पेटी असते, तिच्यातून पाणबुडी पंपाचा पाइप बाहेर काढला जातो. ऊन किंवा वीज असताना टाकी पंपाने भरते, नसताना लोक हापसून पाणी घेतात. दोन्ही पंपांचे पाइप बोअरमध्ये वेगळे राहत असल्यामुळे इथे हापशाच्या सळईवर ग्लँड लागत नाही. पाणबुडी पंपाच्या पाइपात एकमार्गी झडप मात्र लागतेच, नाहीतर पंप थांबताच टाकीतले पाणी त्याच वाटेने बोअरमध्ये परत जाते.