आधी उपचार, मग कागद

लैंगिक अत्याचार झालेली व्यक्ती रुग्णालयात आली की तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करणे भारतातील प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक आहे; मग ते सरकारी असो, पालिकेचे असो वा खासगी. २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात आलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. उपचार नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

तरीही ‘आधी पोलिसांचे पत्र आणा’ हे वाक्य कॅज्युअल्टीत ऐकू येतेच. त्याला कायद्याचा आधार नाही. पत्राअभावी तपासणी टाळणाऱ्या डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच मंजन्ना खटल्यात खडसावले होते. पोलिसांना कळवायचे ते रुग्णालयाने. प्रौढ पीडितेला तक्रार करायची नसेल, तर तिचा नकार लिहून घ्यावा, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचना सांगतात. उपचार मात्र कोणत्याही परिस्थितीत थांबवायचे नाहीत.

ही घाई उगीच नाही. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळणारी गोळीही जितकी लवकर तितकी बरी. पुराव्यासाठी अंगावरून घ्यायचे बहुतेक नमुने ९६ तासांनंतर फारसे हाती लागत नाहीत. पीडितेचे ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून बुरशी येते आणि पुरावा वाया जातो.

तपासणी, नमुने आणि उपचार यांसाठी संमती वेगवेगळी घ्यावी लागते. नमुने द्यायला नकार देऊनही पीडितेला औषधे मिळालीच पाहिजेत. बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. ‘टू फिंगर टेस्ट’ म्हणजे योनीत बोटे घालून केलेली तपासणी पीडितेच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे २०२२ मध्ये बजावले.

तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी वेळ नोंदवून अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा. अंगावर जखमा नाहीत म्हणून अत्याचार झाला नाही, असा निष्कर्ष डॉक्टरने लिहायचा नसतो. बलात्कार झाला की नाही, हे न्यायालय ठरवते.