गोठ्याची नजर आणि मांजरीच्या कळा

भंडारा जिल्ह्यातला लाखांदूर तालुका धानाचा. वैनगंगा आणि चुलबंदच्या काठावरच्या या गावांत घरात धानाची ढोली असते, अंगणात तणसाचा ढीग असतो. आणि धान आले की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आलेच. गाय किंवा शेळी विणार कधी, हे इथल्या बायामाणसांना शिकवावे लागत नाही. कास भरते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, जनावर बाजूला जाऊन उभे राहते. तेवढ्यावरून रात्री गोठ्यात जागायचे की नाही ते ठरते. मांजरीकडे मात्र असे कुणी पाहत नाही. ती एक दिवस दिसेनाशी होते आणि मग कुठून तरी पिल्लांचा आवाज येतो. गोठ्यात कमावलेली ही नजर मांजरीलाही उपयोगी पडेल, पण तिची मापे बदलून घ्यावी लागतील. गाईची मापे मांजरीला लावली, तर गरज नसताना हात घातला जाईल आणि गरज असताना वाट पाहिली जाईल.

पहिले माप तारखेचे. गाय भरवल्याचा दिवस बहुधा ठाऊक असतो. मांजर माजावर असताना काही दिवस फिरते, अनेकदा एकाहून अधिक बोक्यांबरोबर. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. गाभण काळ सरासरी ६३ ते ६५ दिवसांचा, पण त्यात चार-पाच दिवस मागेपुढे होणे नेहमीचे आहे. म्हणून तारखेवरून आठवडा कळतो, दिवस कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात सड गुलाबी होतात, पाचव्यापासून पोट दिसू लागते. या खुणा मांजर गाभण असल्याच्या आहेत. वीण जवळ आल्याच्या खुणा वेगळ्या. शेवटच्या काही दिवसांत सड भरतात, कधी दूध दिसते, मांजर कपाटामागे, पोत्यांच्या आड, तणसात जागा शोधत फिरते. शेवटच्या दिवशी बहुतेक मांजरी खाणे टाकतात, अस्वस्थ होतात, मागची बाजू सारखी चाटतात. काही लपतात, काही माणसाला चिकटून राहतात. यातली एकटी खूण पुरेशी नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा तोंड उघडून धापणारी मांजर कळा देत असेल किंवा तिला ऊन लागले असेल. दोन-तीन खुणा एकत्र आल्या, तरच त्यांना अर्थ आहे.

मग थर्मामीटर का लावू नये, असे कुणी विचारेल. मांजरीचे तापमान एरवी साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते आणि विण्याआधीच्या दिवसात ते १०० च्या खाली येऊ शकते, हे खरे. पण प्रत्येक मांजरीत ही घट सापडतेच असे नाही, आणि ती पकडायची तर दिवसातून दोनदा गुदद्वारातून तापमान घ्यावे लागते. अंगाला हात लावू न देणाऱ्या मांजरीला त्यासाठी धरणे म्हणजे तिला घाबरवणे, आणि घाबरलेल्या मांजरीच्या सुरू झालेल्या कळाही थांबतात. लांबून पाहणे हाच इथे अधिक भरवशाचा उपाय आहे.

कळा सुरू झाल्यावर गोठ्याचे माप सर्वांत जास्त फसवते. पहिला टप्पा बारा ते चोवीस तास चालू शकतो, पहिलटकरणीत आणखी लांबतो. बाहेरून फक्त अस्वस्थपणा दिसतो. वासरू मागच्या पायांनी आले की गोठ्यात धावपळ होते. मांजरीची बरीच पिल्ले शेपटीकडून येतात आणि सुखरूप जन्मतात. दोन पिल्लांमध्ये बहुधा दहा मिनिटांपासून तासाभराचे अंतर असते, पण काही मांजरी दोन पिल्ले देऊन थांबतात, खातात, दूध पाजतात आणि दिवसभराने उरलेली देतात. मांजर शांत असेल तर हा खंड स्वाभाविक आहे. उलट, जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू आले नाही, पिल्लू अर्धे बाहेर येऊन दहा मिनिटे अडकले, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा किंवा घाण वासाचा स्राव आला, ताजे रक्त वाहत राहिले किंवा मांजर गळून गेली, तर ती अडली आहे. घड्याळ लावायचे ते जोराच्या कळा सुरू झाल्यापासून.

‘मांजरीला कुणाची गरज नसते, ती आपले आपण पाहते’ हा आक्षेप बऱ्याच अंशी बरोबर आहे, आणि म्हणूनच बहुतेक वेळा काहीच करू नये. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते म्हणतात. सारखे डोकावले, उचलून पाहिले, तर ती फिरवणारच. उबदार, अंधारी, कोरडी जागा आणि जवळ पाणी, एवढे पुरते; मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत जुने कापड घालावे, कारण पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पण अडलेल्या मांजरीला निसर्गावर सोडणे म्हणजे तिला मरू देणे. अशा वेळी पिल्लू ओढू नये. गाईसाठी आणलेले ऑक्सिटोसिन टोचू नये. वाट बंद असताना त्याने गर्भाशय फाटू शकते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजरीला ते विष आहे.

लाखांदूरहून भंडारा पन्नासहून अधिक किलोमीटर, आणि १९५८ पासून पशुवैद्यक शिकवणारे नागपूरचे महाविद्यालय शंभराहून अधिक. रात्री तिथे पोचायचे तर निर्णय आधीच झालेला हवा. शेवटच्या आठवड्यात जवळच्या पशुवैद्यकाचा क्रमांक घेऊन ठेवावा, अडलेल्या मांजरीची शस्त्रक्रिया कुठे होते ते विचारून ठेवावे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक सल्ल्यासाठी लावून पाहता येतो. पिल्ले दूध पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून ती दूध तोडताच नसबंदी करून घ्यावी. गाय अडली की मध्यरात्री डॉक्टर शोधणारी ही घरे आहेत. धान राखणाऱ्या मांजरीला त्या धावपळीतला अर्धा तास मिळायला हवा.