ओरलला काय विचारायचं?

खडकवासला धरणातून विसर्ग वाढलाय, भिडे पूल पाण्याखाली गेलाय आणि दोन शिक्षक अजून वाटेतच आहेत. "येतील ते, आपण सुरू करू," म्हणत विभागप्रमुख मॅडम टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून पंखा हळू करतात.

पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या संगणक विभागातली ही बैठक. माजी विद्यार्थिनी आणि आता सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी म्हणून मलाही बोलावलंय. बाहेर सरी कोसळतायत आणि पलीकडे संगमावर नदी गढूळ होऊन फुगली आहे.

टेबलावर दोन सबमिशनं आहेत. दोन्हींत एकच काम दिलेलं, सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा डायक्स्ट्राचा प्रोग्रॅम. एक अगदी नेटकं आहे, ओळीओळीला टिपा आहेत. दुसरं ओबडधोबड, पण चालतं.

"नेटकं आहे ते एआयचं," एक ज्येष्ठ सर म्हणतात. त्यांनी इथे तीसेक वर्षं शिकवलंय. "शून्य द्या. एकदा सूट दिली की संपलं."

मॅडम शिपाईमामांना तो नेटका प्रोग्रॅम देणाऱ्या मुलाला बोलवायला पाठवतात. तो ओल्या छत्रीसकट दारात उभा राहतो.

"रस्त्याचं वजन उणे असेल तर तुझा प्रोग्रॅम काय करेल?"

"चुकू शकेल, मॅडम. एकदा पक्कं केलेलं अंतर तो पुन्हा बघत नाही. तिथे बेलमन-फोर्ड लागेल." थोडा वेळ गप्प राहून तो म्हणतो, "कोड एआयनं लिहिलाय. पण पहिल्यांदा त्यानं चुकीचा दिला होता. चूक शोधण्यात माझ्या दोन रात्री गेल्या."

खोलीत कोणीच बोलत नाही. सर चष्मा काढून पुसतात. मलाही आता शून्य देता आलं नसतं, आणि पैकीच्या पैकीही नाही.

२०२२ साल या विभागाला दोनदा हलवून गेलं. जूनमध्ये संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली. अभ्यासक्रम आखायची मोकळीक २००३च्या स्वायत्ततेपासून होतीच, पण पदवीवर नाव पुणे विद्यापीठाचं असायचं. आता तिथे स्वतःचं नाव, म्हणजे पदवीची जबाबदारीही सगळी स्वतःची. आणि नोव्हेंबरच्या अखेरीस चॅटजीपीटी आलं. १८५४ साली ही संस्था निघाली ती बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवायला. सांगितलेलं काम बिनचूक करणारी माणसं तेव्हा हवी होती. ते काम आता यंत्र करू लागलंय, आणि आपण मुलांना नेमकं कशासाठी तयार करतोय हा प्रश्न या टेबलावर येऊन पडलाय.

"पाच वर्षांनी या मुलांना कोणतं काम मिळेल, मला माहीत नाही," मॅडम म्हणतात. "तुम्हालाही नाही. पण आपण सही केलेली पदवी घेणाऱ्या मुलाला स्वतःचा प्रोग्रॅम समजावता आला पाहिजे, एवढं तर ठरवू. लेखी टर्मवर्कचे गुण कमी करू, ओरलचे वाढवू."

एक तरुण शिक्षिका फळ्यावर हिशोब मांडते. ७२ मुलं, प्रत्येकी १० मिनिटं. ७२० मिनिटं. एका विषयाला १२ तास.

"मॅडम, वेळ कुठून आणायचा?"

हा प्रश्न रास्त आहे आणि मॅडम तो झटकत नाहीत. त्या स्वतःचं वेळापत्रक काढतात, त्यातल्या दोन प्रशासकीय बैठकांवर काट मारतात आणि तिथे लिहितात, ओरल, पहिली बॅच. पेन सरांकडे सरकवतात. सर जरा वेळ कागदाकडे पाहत राहतात, मग दुसऱ्या बॅचपुढे आपलं नाव लिहितात.

निर्णय आज होत नाही. प्रस्ताव अभ्यासमंडळापुढे जाईल, तिथे वाद होतील, आणि व्हायलाच हवेत. पण मुलांसमोर बसायला माणसं आतापासूनच लागणार आहेत. तिसऱ्या बॅचपुढे मी माझं नाव लिहिलंय. पुण्यात संगणकावर पोट भरणाऱ्या, इथे किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: आपल्या जुन्या विभागाला फोन करा आणि सत्रातली एक दुपार ओरलसाठी द्या.