हसणारे विज्ञान आणि आपली मुले

मुलाच्या हातात पुस्तक आहे आणि मूल खदखदा हसते आहे, असे दिसले की घरातल्या वडीलमाणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "अभ्यासाचं आहे का रे?" मूल गप्प बसते. कारण पुस्तकात एक लोखंडी माणूस आहे, त्याला 'चहा टाक' म्हटल्यावर त्याने चहा खिडकीतून बाहेर टाकला आहे, आणि ह्याला अभ्यास म्हणावे की नाही, हे त्या मुलाला ठाऊक नाही. वडिलांना मात्र ठाऊक असते. पुस्तक कपाटावर जाते.

ह्या कपाटावर गेलेल्या पुस्तकांविषयी आम्ही बोलणार आहोत. वाह्यात, वेडगळ, अतर्क्य अशी विशेषणे ज्यांना हक्काने लावली जातात, ती मुलांची विनोदी विज्ञानकथा. आम्ही कामगार चळवळीतले. हा विषय आमचा कसा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

मराठीत ह्या लेखनाची कूळकथा फार लांब नाही. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप छापून आले, तेथून मराठी विज्ञानकथेची सुरुवात मोजतात. पण ते मोठ्यांसाठी होते. मुलांच्या हाती व्हर्न दिला तो भा. रा. भागवतांनी. जन्म १९१० साली इंदूरचा, आणि पुढे 'बालमित्र' मासिक चालवून, कर्जाचा घोर पत्करून त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात हयात घालवली. त्यांचा फास्टर फेणे सर्वांना ठाऊक आहे. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. परंतु 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची व्हर्नची रूपांतरे, आणि 'उडती छबकडी' हे पुस्तक, ही नावे आज कितीजणांना आठवतात? नुसते ते शेवटचे नाव पाहा. साऱ्या जगात 'उडत्या तबकड्या' दिसू लागल्याची आवई उठली होती. शहाणीसुरती माणसे आकाशाकडे डोळे लावून बसली होती. भागवतांनी 'त'च्या जागी 'छ' घातला, आणि सगळ्या आवईतली हवा निघून गेली. एका अक्षराने भीतीची गंमत होते, हे मुलांना लगेच कळते.

आणि व्हर्न म्हणजे गंभीर माणूस, असेही समजू नये. १८६५ सालची ती चंद्राची कादंबरी मुळात थट्टाच आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, तोफा ओतणाऱ्यांना काम उरले नाही. कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय, तरी ह्या मंडळींचा जीव तोफेत अडकलेला. मग करायचे काय? तर चंद्रावरच गोळा मारू! नऊशे फुटांची तोफ ओततात आणि पोकळ गोळ्यात माणसे बसवतात. हे शक्य आहे का, ते मुलाला विचारावे, आणि गणित त्याच्याकडूनच करून घ्यावे. पृथ्वीची ओढ तोडायला सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो. तो वेग नऊशे फुटांच्या नळीतच गाठायचा म्हटले, तर आतल्या माणसाला त्याच्या वजनाच्या वीस हजारपटींहून अधिक दाब सोसावा लागेल. म्हणजे पन्नास किलोचा माणूस त्या क्षणी हजार टनांचा. गोळा सुटण्याआधीच त्याची चटणी. मुले येथे जोरात हसतात. पण हसता हसता वेग आणि वेगवृद्धी ह्यांतला फरक त्यांच्या डोक्यात शिरलेला असतो.

आता तो चहा टाकणारा लोखंडी माणूस. ह्याच्यापाशी आम्हांला जरा जास्त थांबायचे आहे.

'रोबो' किंवा 'रोबॉट' हा शब्द कारखान्यातून आला नाही, नाटकातून आला. चेक नाटककार कारेल चापेक ह्याने १९२० साली एक नाटक छापले, आणि त्यातल्या कृत्रिम कामगारांना हे नाव दिले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट राबायचे, ती वेठ. आपण 'यंत्रमानव' हा शब्द केला, त्यात यंत्रही आले आणि मानवही आला. वेठ मात्र गळून पडली. 'वेठ्या' म्हटले असते, तर मुलांना चटकन कळले असते. असो.

ह्या वेठ्याची गंमत कशात आहे? सांगितलेले तो तंतोतंत करतो. 'दार बघ' म्हटले की रात्रभर दाराकडे बघत उभा राहतो आणि चोर खिडकीतून येतो. ही गंमत काही विलायती नव्हे. आपल्या आज्या सांगत ती भुताची गोष्ट आठवा. भूत वश होते, पण अट घालते : सतत काम दे, नाहीतर तुलाच खातो. विहीर खणून झाली, वाडा बांधून झाला, शेवटी अंगणात खांब रोवून 'चढ आणि उतर' असे सांगावे लागते. हुकूम देणारा मालक आणि हुकूम पाळणारे भूत ह्यांत जास्त घाबरलेला कोण? मालक!

आमच्या धंद्यात ह्याला 'नियमानुसार काम' म्हणतात. संप नाही, घोषणा नाही. फक्त नियमपुस्तकात लिहिले आहे तेवढेच आणि तसेच करायचे. गाडी सुटण्यापूर्वी दिवे, ब्रेक, टायर, भोंगा, आरसा, सर्व कलमवार तपासायचे, तपासल्याची नोंद करायची, नोंदीवर सही घ्यायची. दुपारपर्यंत अर्ध्या गाड्या आवारातच. मालक ओरडतो, 'हे काय चालले आहे?' तर उत्तर : 'साहेब, तुमचाच नियम चालला आहे.' आम्ही अशी आंदोलने केली आहेत, आणि त्यांतून एक गोष्ट पक्की शिकलो. कोणतेही काम लेखी हुकमावर चालत नाही. हुकमात न लिहिलेले शहाणपण कामगार पदरचे घालतो, म्हणून ते चालते. हे पगाराच्या कागदावर कोठे दिसत नाही. वेठ्याने चहा खिडकीबाहेर टाकला की मात्र ते दिसते, आणि दहा वर्षांच्या पोरालाही दिसते. आज गणकयंत्रे आपल्याशी मराठीत बोलू लागली आहेत, विचारले ते लिहूनही देतात. सांगितलेले काय आणि हवे होते काय, ह्यांतले अंतर ओळखण्याची सवय ज्या मुलाला हसत हसत लागली आहे, त्याला ह्या यंत्रांपुढे उभे राहणे सोपे जाईल, असे आम्हांस वाटते.

जपानच्या डोरेमॉन मांजराचीही तीच कथा. १९६९च्या अखेरीस तेथल्या मुलांच्या मासिकांत ते आले आणि आता दूरचित्रवाणीवर आपल्या घराघरांत हिंदी बोलते. बाविसाव्या शतकातले यंत्रमांजर. पण कान उंदराने कुरतडले म्हणून उंदराला भिते. पोटाच्या खिशातून दर वेळी एक अद्भुत वस्तू काढते, नोबिता ती आळसासाठी वापरतो, आणि दर वेळी फजिती होते. पालक म्हणतात, मुले बिघडतात. आम्हांला ते पटत नाही. यंत्र आले म्हणजे कष्ट सुटले, असे सांगणाऱ्या जाहिराती दिवसभर चालतात. त्या बिघडवत नाहीत, आणि फजिती दाखवणारे मांजर तेवढे बिघडवते?

बंगाल्यांनी ह्या बाबतीत आपल्याला मागे टाकले, हे कबूल करावे लागते. सत्यजित राय ह्यांनी १९६१ साली 'संदेश' मासिकात प्रोफेसर शंकू नावाचा शास्त्रज्ञ उभा केला. बेडकाच्या छत्र्या, सापाची कात आणि कासवाच्या अंड्यांची टरफले मिसळून तो अग्निबाणाचे साहित्य बनवतो. तपकिरीची बंदूक झाडतो, आणि शत्रू तासन्‌तास शिंकत बसतो. त्याचा एक अग्निबाण फसतो तो शेजाऱ्याच्या मुळ्याच्या वाफ्यात पडतो, आणि शेजारी अवकाशयुगाचे कौतुक न करता नुकसानभरपाई मागतो! ह्या शेजाऱ्याला आम्ही आमच्या संघटनेचा सभासद मानतो.

आणि ती थट्टा थट्टाच राहिली नाही. १९७८ साली रशियाचा एक अणुशक्तीवरचा उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडाने भरपाई मागितली आणि १९८१ साली तीस लाख डॉलर पदरात पाडून घेतले. लांब कशाला, २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. परदेशी अग्निबाणाचा तो तुकडा असावा, असे जाणकारांनी सांगितले. मुळ्याचा वाफा आता आपल्या दारात आला आहे.

एस.टी. स्टँडवरच्या दुकानांत दोरीला टांगलेली चाचा चौधरीची हिंदी चित्रपुस्तके एका सबंध पिढीने वाचली. प्राण ह्यांनी १९७१च्या सुमारास हा पगडीवाला म्हातारा काढला. त्याचा जोडीदार साबू गुरू ग्रहावरचा. पंधरा फूट उंच, जेवायला बसला की पोळ्यांचा ढीग संपवतो, आणि रागावला की कोठेतरी ज्वालामुखी फुटतो. आपले एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे परंपरेने मानतात. बकासुराला गाडाभर अन्न जाई ते येथूनच. तेव्हा गाडाभर खाणाऱ्याचे नवल आम्ही इतरांनी करावे, एरंडोलकरांनी करू नये. पण साबूकडे विज्ञानाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते?

गुरूची ओढ पृथ्वीच्या सुमारे अडीचपट. तेथे चाळीस किलो उचलणारा येथे शंभर उचलील. म्हणून साबू बलवान, हे ठीक. पण तो उंच कसा? गॅलिलिओने १६३८ साली ह्याचा हिशोब मांडून ठेवला आहे. पाच फुटांचा, साठ किलोचा माणूस तिप्पट उंच केला की तो रुंदीलाही तिप्पट आणि जाडीलाही तिप्पट होतो. वजन सत्तावीसपट, म्हणजे १६२० किलो. हाडाचा छेद मात्र नऊपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक तसूवर तिप्पट भार, आणि गुरूवर त्याच्याही अडीचपट. म्हणूनच हरणाचे पाय काटकुळे आणि हत्तीचे खांबासारखे. खरा गुरूवासी असलाच तर कासवासारखा बसका असेल. तेही गुरूला उभे राहण्याजोगी घट्ट जमीन नाही, तो सारा वायूचा गोळा, हे बाजूला ठेवून. एवढे सांगितले की मुले साबूवर चिडत नाहीत. उलट बसका साबू काढायला बसतात.

येथे आमच्या मनातले एक शल्य सांगतो. ज्या साने गुरुजींनी अमळनेरला शिकवले, त्यांनी मराठी मुलाला रडायला शिकवले, आणि ते रडणे मोलाचे आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आम्हीही डोळे पुसत वाचली. पण कष्टकऱ्याच्या पोराला दिलेली पुस्तके बहुधा दोनच जातींची असतात : एक रडवणारी, दुसरी परीक्षेत पास करणारी. हसायचे पुस्तक ही चैन समजली जाते. विज्ञान तर त्याला भेटते तेच मुळी गुणपत्रिकेतून, नापासाच्या भीतीसकट. जिनिंगमधल्या हमालाचा मुलगा नववीत विज्ञान सोडतो, तेव्हा बुद्धी कमी पडलेली नसते. त्या विषयाशी त्याची कधी मैत्रीच झालेली नसते. मैत्री थट्टेवाचून होत नाही. 'किशोर' मासिक १९७१पासून स्वस्तात निघते आहे, त्याने पुष्कळ केले. परंतु गावोगावच्या वाचनालयांनी पुस्तकांची यादी करताना स्पर्धापरीक्षांच्या पलीकडे पाहिले, तर ह्या कामाला हात लागेल. लहान मुलाच्या हाताला पोचेल असे एक खालचे फडताळ, आणि त्यावर वीस वेडगळ पुस्तके. खर्च एका सत्कार-समारंभाच्या हारांइतका.

शेवटचे उदाहरण अगदी घरचे. पद्मालयाला आपण सर्व जातो. तेथे एकाच गाभाऱ्यात दोन गणपती : एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. दिवंगत जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची कथा आहे. तिच्यात एक यंत्र वस्तूचे आरशातल्यासारखे उलटे रूप करून टाकते. डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होते. क्रिकेटचा गोलंदाज भलत्याच हाताने चेंडू टाकतो आणि समोरचा संघ गांगरतो. कथा खट्याळ आहे, पण तिच्या पोटातला प्रश्न कठीण आहे. डाव्या पायाची चप्पल कशीही फिरवा, उजव्या पायाची होत नाही. कागदातून कापलेले चपलेचे चित्र मात्र टेबलावरून उचलून पालथे घातले की डाव्याचे उजवे होते. कारण ते सपाट आहे, आणि आपण त्याला वरची दिशा दिली. मग चपलेलाही आणखी एक, चौथी दिशा मिळाली तर? एच. जी. वेल्सने १८९६ सालीच एका शाळामास्तराला स्फोटात उडवून असे उलटे करून परत आणले होते. त्याचे काळीजही उजवीकडे गेले.

अशा उलट्या माणसाला भरीत-भाकरी पचेल का? प्रश्न पोरकट वाटतो. पण १८४८ साली लुई पाश्चरने चिंचेतही असते त्या टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले, तेव्हा त्यांत डावे आणि उजवे असे दोन प्रकार निघाले. आपल्या शरीरातली प्रथिने बनतात ती डाव्या बांधणीच्या अमिनो आम्लांपासून. उलट्या माणसाची उजव्या बांधणीची असतील. त्याच्या पोटातले रस आपल्या अन्नाला कुलूप-किल्लीसारखे बसणार नाहीत. भरल्या ताटावर तो उपाशी राहील. लुईस कॅरलच्या ॲलिसनेही आरशापलीकडे जाण्याआधी, १८७१ साली, तेथले दूध पिण्याजोगे असेल का, अशी शंका काढली होती. तिच्याबरोबर फक्त मांजर होते, म्हणून कोणी तिला वेड्यात काढले नाही.

डिसेंबर २०२४मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात अडतीस शास्त्रज्ञांनी मिळून एक इशारा छापला. प्रयोगशाळेत आरशातल्यासारख्या उलट्या बांधणीचे जंतू बनवू नयेत. आपल्या शरीराची राखण त्यांना ओळखणार नाही, असे त्यांनी म्हटले आहे.