बी.ए. झाली, आता बी.लिब. करायचं का?

तायांनो, हट्टा किंवा आसपासच्या गावांत कुणाची लेक-सून बी.ए. होऊन घरी असेल, तर हे तिला नक्की दाखवा. ग्रंथपालाच्या शिक्षणाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यावर १ वर्षाचं बी.लिब. आणि पुढं १ वर्षाचं एम.लिब. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बी.लिब. घर सांभाळून करता येतं.

पण फीसाठी गटाचं कर्ज उचलण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. कॉलेजात ग्रंथपाल व्हायला बी.लिब. पुरत नाही. एम.लिब.ला किमान ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट लागते. (राखीव प्रवर्गाला गुणांत सवलत आहे.) नुसत्या बी.लिब.वर शाळा आणि सार्वजनिक वाचनालयं उरतात. तिथं जागा थोड्या, आणि गावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयाच्या अनुदानावर घर चालत नाही. म्हणून हिशोब दोन्ही वर्षांचा धरा, नाहीतर घाई करू नका.

‘पैसे भरा, परीक्षेचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत लावा. विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या वेबसाइटवर दिसतं. फी भरायच्या आधी गटातल्या शिकलेल्या पोरीला मोबाईलवर ते काढायला सांगा.